माझ्याकडे १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आवाज कमी करायला आतून पूर्ण डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारायला चिकटवतात ती) लावून घेऊ का? किती शीट लागेल, खर्च किती येईल?

लावून घेऊ नका. निदान खालचा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत तरी नाही. 'आतून पूर्ण' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. याच 'आतून पूर्ण'पायी आमच्या बाबांच्या गाडीचं फ्लोअर गेलं.

आमचीही पद्मिनीच, १९८७ ची. बाबा गेल्यावर गाडी ठाण्यात माझ्याकडे राहिली, दादा नेरुळला असतो. दादाचं म्हणणं, आईला गाडीत बसून धड चार शब्द बोलता आले पाहिजेत. हेतू चांगलाच होता. नवी मुंबईतल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात त्यानं गाडी दिली आणि फ्लोअर, दरवाजे, छत, डिकी, सगळीकडे शीट मारून आणली. फरक पडला, खोटं का बोलू? दरवाजा लावला की आधी रिकाम्या डब्यासारखा वाजायचा, तो 'थप्प' असा बसायला लागला. पाम बीच रोडला साठच्या स्पीडला आई मागून बोलली ते पुढे ऐकू आलं. दादा घरी येईपर्यंत तेच सांगत होता.

दुसऱ्या पावसाळ्यात गाडीत कुबट वास यायला लागला. काचांवर आतून वाफ धरायची. गणपतीच्या आधी आईला डोंबिवलीला मावशीकडे सोडलं, तर उतरताना तिच्या साडीचा काठ ओला, आणि त्यावर गंजाची तांबडी रेघ. "अरे, पाऊस तर केव्हाच थांबला ना?" एवढंच म्हणाली. त्या रविवारी मी सीटा बाहेर काढल्या.

शीट डांबरी होती. हीट गनने गरम करून चिकटवलेली, आणि पुढच्या बाजूला तर मॅटखालचं जुनं ज्यूटचं फेल्ट न काढता त्याच्यावरच दाबलेली. फ्लोअरमधली पाणी निघायची भोकं तिच्याखाली गाडलेली. मी एक कोपरा धरून ओढला, तर शीटबरोबर पत्र्याचे पापुद्रे उठून आले, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. ड्रायव्हरच्या सीटखाली बोट दाबलं ते आरपार गेलं. भोकातून पार्किंगची फरशी दिसत होती. बाबा दर पावसाळा संपला की मॅट काढून फ्लोअर दोन दिवस उघडं ठेवायचे, दारं उघडी टाकून. ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी येत होतं पुढच्या काचेच्या बीडिंगमधून. रबर कडक होऊन कोपऱ्यात फाटलेलं. पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरून फेल्टमध्ये मुरायचं आणि शीटखाली अडकून बसायचं. वाळायला वाटच नाही. आणि ही गाडी मोनोकॉक आहे, खाली वेगळी चासी नाही. फ्लोअर म्हणजे नुसता पाय ठेवायचा पत्रा नव्हे, गाडीची ताकद त्यात आहे. वागळे इस्टेटमधल्या टिंकरनं दोन्ही बाजूंचा कुजलेला भाग कापून १८ गेजचा पत्रा वेल्ड केला. सोललेली डांबरी शीट पोत्यात भरून भंगारवाल्याच्या काट्यावर टाकली तर ३८ किलो भरली! चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनवर एक शाळकरी पोर कायमचं बसवल्यासारखं.

दादा आजही म्हणतो, "गंज पाण्यानं आणला, शीटनं नाही." बरोबर आहे. पण फ्लोअर उघडं असतं तर पहिल्या पावसातच ओल दिसली असती आणि बीडिंग बदलून विषय संपला असता. शीटनं गंज आणला नाही, लपवला. जुन्या गाडीच्या बाबतीत मला तरी या दोन्हींत फरक वाटत नाही.

नवीन पत्रा बसल्यावर मी शीटचा विचार बाजूला ठेवला आणि आवाज शोधायला निघालो. भाचा गाडी चालवतोय, मी मागे बसून एकेक ठिकाणी कान लावतोय, असे घोडबंदर रोडला तीन रविवार काढले. इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ती रबरं, दबून गेलेली, त्यामुळे सगळी थरथर बॉडीत यायची. सायलेन्सरचा एक हँगर तुटून पाइप फ्लोअरला घासत होता, ज्याला दादा 'या गाड्यांचा आवाजच असा' म्हणायचा. दरवाज्यांची बीडिंग चपटी झालेली. आणि इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात, वायरिंग आत येतं त्या भोकाचं रबरी बूच, ग्रोमेट, गायबच. रात्री बॉनेट उघडून आत लाइट लावला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर तीन ठिकाणांहून उजेड दिसला. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो, एवढं सोपं आहे. माउंटिंग आणि बीडिंग कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाली. कुर्ल्यातच या गाड्या बनायच्या. हे सगळं केल्यावर, एक इंचही शीट न लावता, निम्मा आवाज गेला. माझ्या कानांनी निम्मा, मीटर लावलेला नाही.

मग शीट. हो, मीही लावली. पण ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली, २ मिमी. डांबरी घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते आणि वास मारते. शीटचं काम पत्र्याची थरथर मारणं एवढंच. त्यासाठी अख्खा पत्रा मढवावा लागत नाही. पत्रा बोटानं वाजवून बघा, जिथे ढब-ढब घुमतो तिथे मधोमध तुकडा लावा. दरवाजे आणि छताला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की पुरे. फ्लोअर, मधला बोगदा (फ्लोअरच्या मधोमध लांबीनं जाणारा उंचवटा) आणि इंजिनकडच्या पत्र्याला थोडं जास्त. मला एकूण ४ चौरस मीटर लागली, म्हणजे १४ किलोच्या आसपास. खर्च ब्रँडवर आणि दुकानावर आहे, पण चौरस मीटरचा भाव विचारून चारने गुणा, 'आतून पूर्ण'च्या हिशेबानं दहाने नाही. मजुरी वाचवायची तर स्वतः करा. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा आणि लोखंडी रोलरनं फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं. नुसतं हातानं दाबलं तर खाली हवा राहते, आणि हवा राहिली की ओल राहते.

इंजिनमधल्या टॅपेटची टिकटिक आणि वाऱ्याचा आवाज या शीटनं जाणार नाही. त्याला वर क्लोज्ड-सेल (पाणी न शोषणारा) फोम आणि जड व्हिनाइलचा थर लागतो. मी तो फक्त इंजिनकडच्या पत्र्याला दिला. फेल्ट परत घालू नका, ते स्पंजसारखं पाणी धरतं. दरवाज्याच्या तळाची भोकं आणि फ्लोअरची बुचं मोकळी राहिली पाहिजेत, कारागिराच्या शेजारी उभं राहून ती राखा. 'काळजी करू नका साहेब' वर जाऊ नका.

एक सांगायचं राहिलं. तुमची गाडी कायम बंद गॅरेजमध्ये असेल, पावसात निघतच नसेल आणि पत्रा कोरडा ठणठणीत असेल, तर दादासारखी पूर्ण शीट लावली तरी नुकसान वजनाचंच होईल. मी खाडीच्या हवेत उघड्यावर लावलेल्या गाडीचं सांगतोय.

दादा दिवाळीत आला होता, स्वतः चालवत आईला येऊर गावापर्यंत नेऊन आणलं. आल्यावर म्हणाला, आता आवाज बरा आहे. मी मॅट उचलून त्याला कोरडं फ्लोअर दाखवलं, त्यानं वाकून हात फिरवून बघितला.

तुम्ही आधी मॅट आणि फेल्ट काढून चारही सीटांपुढच्या पाय ठेवायच्या जागांचे फोटो टाका, बीडिंगच्या कोपऱ्यांचेही. मग कुठे किती लावायची ते सांगतो.