डोळे मिटल्यावर अंधारच दिसतो, म्हणून

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. ‘डोळे मिटून इमारत समोर आणा’ असे वर्गात सांगितले तेव्हा इतरांना जिना, कठडा, उन्हाची तिरीपसुद्धा दिसली आणि तुला केवळ अंधार दिसला, त्यावरून वास्तुरचना आपला विषय नव्हे असे तू ठरवू पाहतेस. इतक्या घाईने ते ठरवू नकोस.

१८८० साली इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी अनेकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवून त्याचे चित्र कितपत स्पष्ट दिसते ते लिहायला सांगितले, तेव्हा कित्येक वैज्ञानिकांनी कळवले की असे चित्र आपल्याला दिसतच नाही; ‘डोळ्यांसमोर उभे राहणे’ हा निव्वळ बोलण्याचा प्रकार आहे, असे ते तोवर समजत होते. २०१५ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१ जणांचे अनुभव प्रसिद्ध केले आणि या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. त्यांतल्या बहुतेकांना स्वप्नात मात्र दृश्ये दिसत होती. तुला दिसतात का, ते मला कळव.

झीमन यांनी त्याआधी अभ्यासलेला एक माणूस तुझ्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो ६५ वर्षांचा निवृत्त सर्व्हेअर होता आणि हृदयावरील उपचारानंतर त्याच्या मनातली चित्रे नाहीशी झाली होती. दोन आकृती एकच आहेत की वेगळ्या, हे मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत त्याची उत्तरे तरीही बरोबर येत. आकृती जितकी अधिक वळलेली तितका इतरांना वेळ अधिक लागतो. त्याच्या बाबतीत मात्र तसे घडत नव्हते. म्हणजे तो उत्तरापर्यंत पोहोचत होता, पण त्याची वाट निराळी होती. तुझी वाट कोणती, हे शोधणे मला अधिक मोलाचे वाटते.

माझे सांगायचे तर माझ्या मनात दिवसभर बोलणे चालते. खोलीची मापे मी मनात उच्चारते, भिंतीशी वादही घालते. आपल्याकडे परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी अशा चार वाणी सांगितल्या आहेत. त्यांतली ओठांपर्यंत न आलेली मध्यमा वाचली की मला नेहमी हेच बोलणे आठवते. पण असे बोलणेही सर्वांच्या मनात चालत नाही. शिवाय स्वतःच्या मनाबद्दल आपण जे ठामपणे सांगतो, तेही तपासून घ्यावे लागते. मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट लोकांजवळ अवेळी वाजणारे यंत्र देतात आणि ते वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होते ते टिपायला लावतात. तेव्हा आपण सतत स्वतःशी बोलतो असे मानणाऱ्या काहींच्या नोंदींत शब्द फारसे सापडत नाहीत.

तूही आठवडाभर मोबाइलवर अवेळी गजर लावून अशा नोंदी कर. संकल्पना मनात पूर्ण होईल याची वाट न पाहता पहिल्या मिनिटापासून ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढ, पुठ्ठ्याची कच्ची मॉडेल्स कर आणि ती हातात धरून फिरव. यात तुझा वेळ जास्त जाईल, हे मी लपवत नाही.

आजीचा चेहरा आठवत नाही, असे तू शेवटी एका ओळीत लिहिले आहेस. ते तुझे प्रेम कमी असल्याचे लक्षण नाही. तिचा फोटो टेबलावर ठेव, आणि तिचा आवाज, तिच्या हाताचा स्पर्श यांपैकी काय आठवते ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

तुझ्या बाई