फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचे संशोधन : त्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते का?

प्रश्न : मी जीवशास्त्र विषयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला. माझ्या मावशीला सतत दम लागत असे; बऱ्याच उशिरा तिला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. तेव्हापासून याच आजारावर संशोधन करावे असे मला वाटते. डॉक्टर नसताना ते शक्य आहे का, की मी पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी? गणिताची मात्र मला भीती वाटते.

उत्तर : शक्य आहे. या आजारावरील पहिले प्रभावी औषध ज्या शोधातून आले, त्याची हकीकतच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देते. रक्तवाहिन्या सैल करणारे आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारे प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य 1976 साली जॉन वेन आणि साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने शोधले. मोंकादा हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर होते. वेन मात्र रसायनशास्त्रातून औषधशास्त्राकडे वळलेले, रुग्ण न तपासणारे शास्त्रज्ञ होते, आणि 1982 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. हेच द्रव्य पुढे एपोप्रोस्टेनॉल या नावाने औषध म्हणून वापरात आले आणि 1995 मध्ये त्याला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. रक्तात ते काही मिनिटांतच निकामी होत असल्यामुळे पंपाच्या साहाय्याने शिरेतून ते अखंड द्यावे लागते. ते कोणत्या रुग्णाला, किती प्रमाणात आणि कितपत सुरक्षितपणे द्यावे, हे ठरवण्याचे काम अर्थातच डॉक्टरांनी केले.

म्हणून कोणती पदवी घ्यावी याआधी, आपल्याला कोणत्या प्रकारचा प्रश्न सोडवायचा आहे हे तुम्ही ठरवायला हवे. निरोगी माणसाच्या फुफ्फुस धमनीतील सरासरी दाब विश्रांतीच्या स्थितीत पाऱ्याच्या सुमारे 14 मिलिमीटर इतका असतो. तो 20 च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन आहे असे आजच्या व्याख्येनुसार मानतात. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. निश्चित निदानासाठी शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुस धमनीपर्यंत न्यावा लागतो. अशी तपासणी करणे, रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे आणि नव्या औषधाच्या चाचणीत उपचारांची जबाबदारी घेणे, यांत तुमचे मन रमणार असेल तर वैद्यकीय पदवीला पर्याय नाही. उलट, धमनीच्या भिंतीतील पेशी वाढतच का राहतात आणि वाहिनी अरुंद का होते, हे शोधायचे असेल, तर पेशीविज्ञान, जनुकशास्त्र किंवा औषधशास्त्र यांत एमएस्सी आणि नंतर पीएचडी हा सरळ मार्ग आहे. केवळ संशोधन करता यावे म्हणून पुन्हा प्रवेश परीक्षा देण्याचा सल्ला मी देणार नाही. रुग्णांवर उपचार करण्याची ओढ स्वतंत्रपणे असेल तरच ती द्यावी.

या कामाची गती मात्र आधीच समजून घ्या. वंशपरंपरेने होणाऱ्या प्रकारामागे बहुतेक वेळा बीएमपीआर-2 या जनुकातील दोष असतो, हे 2000 साली उघड झाले. दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, स्त्रियांना तो अधिक होतो, आणि असे का होते याचा शोध अजून संपलेला नाही. या जनुकामुळे बिघडणारा पेशींच्या वाढीचा तोल सावरण्याचा प्रयत्न करणारे सोटाटरसेप्ट हे औषध अमेरिकेत मान्य व्हायला 2024 साल उजाडले, आणि त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या तर हाडांच्या व रक्तक्षयाच्या विकारांसाठी झाल्या होत्या. मावशीच्या आजारातून मिळालेली प्रेरणा खरी आहे. पण तिच्या उपचारांत आपल्या संशोधनाचा उपयोग व्हावा अशी अट मनाशी घालून या क्षेत्रात आलात, तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच निराशा पदरी पडण्याची शक्यता अधिक.

गणिताच्या भीतीपैकी संख्याशास्त्रापुरती भीती तुम्हाला घालवावीच लागेल. आजाराचे काही प्रकार इतके विरळ आहेत की चाचण्यांना मोजकेच रुग्ण मिळतात; एपोप्रोस्टेनॉलची 1996 मध्ये प्रसिद्ध झालेली महत्त्वाची चाचणी अवघ्या 81 रुग्णांवर झाली होती. एवढ्या थोड्या माणसांवरून औषध खरोखर गुणकारी आहे की तो योगायोग आहे, हे सांगण्यासाठी संख्याशास्त्र अंगवळणी पडलेले असावे लागते. आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषांपैकी एक याच वर्षी शिकायला घ्या.

आणखी एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारलेली नाही, तरीही सांगतो. या क्षेत्रातील बऱ्याच प्रयोगशाळांत उंदीर वापरतात. मोनोक्रोटालिन नावाचे रसायन देऊन किंवा कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून त्यांच्यात आजार निर्माण केला जातो. माणसाचा आजार त्यांत पुरता उतरत नाही, हा वाद अलाहिदा. पण असे प्रयोग आपल्या हातून होतील का, हे पीएचडीला नाव नोंदवण्यापूर्वी पडताळून पाहिलेले बरे. ते जमणार नसेल तर पेशींवरील प्रयोग आणि जनुकीय माहितीचे संगणकीय विश्लेषण हे मार्ग आहेतच.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नावात हा आजार असलेलीच प्रयोगशाळा शोधत बसू नका. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर काम करणारी कोणतीही चांगली प्रयोगशाळा चालेल. तिथे शिकलेली तंत्रे पुढे फुफ्फुसांकडे वळवता येतात. सुट्टीतील कामासाठी विचारणा करताना आपली आवड सविस्तर सांगण्याऐवजी त्या गटाचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील न समजलेली एक गोष्ट नेमकेपणाने विचारा. अशा पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.