विमान कशाच्या आधारावर तरंगते?

प्रश्न : आमचे घर सोनेगाव विमानतळाजवळ आहे. पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला जास्त अंतर कापावे लागते आणि खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठण्यासाठी ती वेगाने धावते, म्हणून विमान उचलले जाते, असे मी मुलीला सांगितले. तिने विचारले, "मग कसरतीचे विमान उलटे होऊनही पडत का नाही?" याचे उत्तर काय? आणि येथील उन्हाळ्याचा उड्डाणावर परिणाम होतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. दोन्ही बाजूंच्या हवेने एकाच वेळी मागे पोहोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रयोगात धुराच्या रेषा सोडून पाहिल्यास वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली दिसते.

संक्रांतीला आपल्या गच्चीवरून चढणारा पतंग आठवून पाहा. त्याचा कागद जवळजवळ सपाट असतो, तरीही वाऱ्याला तिरपा धरल्यामुळे तो अंगावर येणारी हवा खाली लोटतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ती हवा त्याला वर ढकलते. पतंगाला मांजा वाऱ्यासमोर धरून ठेवतो, तर विमानाला इंजिन हवेत पुढे रेटते. पंखाची वरची बाजूही यात मोठा वाटा उचलते, कारण तिला लगटून वाहणारी हवा खाली वळते आणि तेथील दाब घटतो. कमी दाबाकडे जाणारी हवा वेग घेते, हे बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलेले तत्त्व खरेच आहे. चूक आहे ती वेगाचे कारण सांगण्यात. उलट्या विमानाचा वैमानिक नाक थोडे अधिक वर धरतो आणि हवा पुन्हा खाली वळू लागते. मात्र हा तिरपेपणा साधारण १५ अंशांपलीकडे गेला, तर हवा पंखाची साथ सोडते आणि उचल एकाएकी घटते.

त्यासाठी लागणारा दाबातील फरक किती थोडा असतो, हे मला फार विलक्षण वाटते. सुमारे ७८ टनांच्या एअरबस ए३२० च्या पंखांचे क्षेत्रफळ साधारण १२२ चौरस मीटर आहे, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६४० किलोंचा भार येतो, आणि वातावरण तर तेवढ्याच जागेवर दहा टनांनी दाबत असते.

आता उन्हाळ्याविषयी. पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब तोच राहिला तर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते, त्यामुळे तेच वजन उचलण्यासाठी मे महिन्यातील दुपारी वेग सुमारे ५ टक्के अधिक लागतो. इंजिनालाही विरळ हवा मिळून त्याचा जोर कमी पडतो आणि धाव लांबते. म्हणूनच प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या वेळचे तापमान धरून वजनाचा हिशेब केला जातो, आणि धावपट्टी अपुरी ठरत असेल तर सामान किंवा इंधन कमी केले जाते.