खुलाशात त्यांचा शब्द नको, आणि आपला तर त्याहून नको

तुमची पोस्ट वाचली आणि 2019 चा मे महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. नव्या नगराध्यक्षांचं प्रसिद्धीचं काम तुमच्याकडे आलंय, पथदिव्यांच्या बिलावरून एक स्थानिक दैनिक चार दिवस सलग छापतंय, आणि उद्या सकाळी पत्रकार परिषद घेऊन 'पथदिवे घोटाळा झालेलाच नाही' असं ठणकावून सांगायचं ठरलंय, असं तुम्ही लिहिलंय. ती परिषद थांबवा. निदान ते वाक्य तरी काढाच.

प्रेसनोट कशी लिहायची, वार्ताहरांचा ग्रुप कसा करायचा हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. माझ्या हातून काय झालं तेवढं सांगतो.

2016 ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले, त्यात आमच्या ताई आल्या. गाव मराठवाड्यातलं, लाखाच्या आतलं. 2018 च्या ऑक्टोबरात राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, आणि पुढचा उन्हाळा आम्ही टँकरवर काढला. मे महिन्यात एका दैनिकात बातमी आली: 'टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब कुठे?' प्रश्न होता, आरोप नव्हता. वार्ताहराने चार वॉर्डांची नावं दिली होती आणि हिशेब मागितला होता, बस्स.

मला राग आला. संध्याकाळी साडेसातला ताईंच्या संपर्क कार्यालयाच्या लेटरहेडवर खुलासा टाईप केला, गोल शिक्का मारला, फोटो काढून पाठवून दिला. विषयाची ओळ होती: 'टँकर घोटाळ्याचे आरोप निराधार'. 'घोटाळा' हा शब्द त्या बातमीत कुठेच नव्हता. तो मी घातला.

दुसऱ्या दिवशी तीन पेपरांत मथळा आला, 'टँकर घोटाळा: नगराध्यक्षांनी आरोप फेटाळले'. त्यांना दोष देता येत नाही, आमचीच ओळ होती. तोवर त्या विषयाला नाव नव्हतं. नाव पडलं की गोष्ट लोकांच्या तोंडात बसते.

निक्सनचं उदाहरण मला फार उशिरा कळलं. वॉटरगेट घोटाळ्याची चौकशी चालू असताना 17 नोव्हेंबर 1973 ला ऑर्लँडोत संपादकांच्या मेळाव्यात अमेरिकेचे हे अध्यक्ष म्हणाले, 'आय ॲम नॉट अ क्रूक.' मी लफंगा नाही. त्यांच्या त्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच वाक्य आज लोकांना पाठ आहे. ऑगस्ट 1974 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. तो अर्थातच या वाक्यामुळे नव्हे, पण 'लफंगा' हा शब्द त्यांच्या नावाला त्यांच्याच तोंडून चिकटला.

आता कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, कारण तिथल्या काही माणसांशी आजही बोलणं आहे. प्रत्येक फेरीला लॉगबुकात वेळ, वाहन क्रमांक आणि वॉर्डातल्या एका बाईची सही होती. ती लॉगबुकं हातात असती तर त्याच दिवशी विषय संपला असता. ती ज्या कार्यालयात होती तिथे मी रोज जात होतो. 'साहेब मीटिंगला गेलेत.' 'कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे.' 'लेखी द्या.' लेखी दिलं तर 'हे आमच्याकडे नाही, शेजारच्या टेबलला द्या.' नऊ दिवस. बाहेर बाया हंडे घेऊन उन्हात उभ्या, आणि आत एका कपाटाची किल्ली सापडत नाही. याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नगराध्यक्ष लोकांनी निवडलेला असला तरी 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे कारभार चालतो मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने आणि कागद राहतात विभागांकडे, हे बाहेरच्याला पटत नाही. लोक विचारतात, 'तुमचीच नगरपालिका, तुम्हालाच कागद मिळेना?'

दहाव्या दिवशी लॉगबुकं आली. फेऱ्या जुळत होत्या. दोन दिवस फेऱ्या झाल्याच नव्हत्या, कारण पंप जळाला होता, आणि त्या दिवसांचं बिलही काढलेलं नव्हतं. पान पाचवर आठ ओळी आल्या.

पुढे मुदत संपली, प्रशासक आले, निवडणुका लांबल्या त्या थेट 2 डिसेंबर 2025 पर्यंत. ताई पुन्हा उभ्या राहिल्या. प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्यांचं गुलाबी पत्रक घरोघर पडलं. वर आमचा 2019 चा खुलासा, लेटरहेड आणि गोल शिक्क्यासकट, आणि 'टँकर घोटाळ्याचे' या दोन शब्दांभोवती लाल गोल. खाली 'निराधार' हा शब्द घडीत गेलेला. एका गल्लीत म्हातारी बाई दारात उभी राहून ताईंना म्हणाली, 'तुमच्याच कागदावर लिवलंय की घोटाळा.' ताई माझ्याकडे वळूनसुद्धा बघितल्या नाहीत. मतमोजणी कोर्टाच्या आदेशाने 21 डिसेंबरला गेली, तेवढे सगळे दिवस मला ती बाई दिसत होती. ताई थोड्या मतांनी पडल्या. फक्त त्या पत्रकामुळे पडल्या असं मी म्हणणार नाही, प्रभागात इतरही हिशेब होते. पण माझ्यापुरतं ते ओझं आहे.

म्हणून गप्प बसा असं सांगत नाहीये. 2004 मध्ये जॉन केरी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांच्या व्हिएतनाममधल्या नौदलातल्या कामगिरीवर शंका घेणारी जाहिरात ऑगस्टच्या सुरुवातीला आली आणि त्यांनी स्वतः जोरदार उत्तर दिलं 19 तारखेला. दोन आठवडे मैदान मोकळं सोडलं. ते फार महागात पडलं असं त्यांच्याकडचेच लोक नंतर म्हणाले. त्यामुळे माझं मत असं: त्याच दिवशी बोला, पण दोनच ओळी. 'शहरात किती दिवे बसले, किती चालू आहेत आणि किती बिल दिलं याचा वॉर्डनिहाय तक्ता अमुक तारखेला नगराध्यक्ष सर्वांसमोर ठेवतील.' एवढंच. आरोपाचा शब्द नाही, 'विरोधकांचं षडयंत्र' नाही, त्या दैनिकाचं नावही नाही. आणि तारीख अशी द्या जी पाळता येईल. कागदाची मागणी आजच लेखी करा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून नऊ दिवस कुणी अडवलं हे मला सिद्ध करता आलं नाही.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी वकिलाची नोटीस पाठवा म्हणालंय. मी वकील नाही, पण गावात नोटीस ही दुसऱ्या दिवशीची बातमी होते. बातमी खरोखर खोटी असेल तर आधी संपादकांना पत्र द्या, छापलं नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे (प्रेस कौन्सिल) जा. दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून 2 महिन्यांत तक्रार करावी लागते. परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही, हे धरून चला.

जाता जाता, तुमच्या पालिकेकडे त्या दैनिकाची जाहिरातींची बिलं थकलीत का बघा. तालुक्याच्या वार्ताहराचं पोट बऱ्याचदा जाहिरातीच्या कमिशनवर असतं. थकलेलं बिल नियमाने निघालं तर निघू द्या, पण त्याच्या बदल्यात बातमी थांबवा असं कधी म्हणू नका. तसं बोललात की तीच बातमी होते, आणि ती खरी असते. प्रेसनोट फोटो करून नाही, युनिकोड मजकूर म्हणून आणि चारच्या आत पाठवा. फोटो कापता येतो, हे मी पुरेपूर अनुभवलंय.

आणखी एक. पुढच्या निवडणुकीला वेळ आहे असं धरू नका. 1992 मध्ये बिल क्लिंटन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते, तेव्हा त्यांच्या लिटल रॉकमधल्या प्रचार कार्यालयात त्यांचे प्रचार-सल्लागार जेम्स कार्व्हिल यांनी फळ्यावर तीनच ओळी लिहून ठेवल्या होत्या: बदल, अर्थव्यवस्था, आरोग्यसेवा. रोज काहीही छापून आलं तरी बोलणं तिथेच परत आणायचं. तुमच्या अध्यक्षांच्या तीन ओळी कोणत्या, ते आजच त्यांना विचारून भिंतीवर लावा. आमच्या भिंतीवर फक्त कात्रणं होती.

वॉर्डनिहाय तक्ता हातात आला की मला व्यक्तिगत निरोप टाका. निवेदनाचा मसुदा रात्री कितीही वाजता पाठवलात तरी वाचून देईन.