पगार माझा, कार्ड नवऱ्याकडे: हा हिंसाचार आहे का?

ताई,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या यजमानांची कारखान्यातली नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली. घर तुमच्या पगारावर चालतं, पण एटीएम कार्ड आणि पैसे पाठवायचं अ‍ॅप त्यांच्या ताब्यात आहे. कामावर जायला बसभाडंसुद्धा तुम्हाला त्यांच्याकडे मागावं लागतं. बांगड्या गहाण पडल्या आहेत, बचत गटातून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज त्यांनी खर्च केलं आहे. पगार झाला की आठवडाभर दारू, शिवीगाळ, कधी मारहाण. सासूबाई म्हणतात, "त्याचं काम सुटलंय, जरा सोसून घे." तुम्ही विचारता, बेकारीमुळे होतंय तर तक्रार करणं अन्याय नाही का? आणि ज्याच्याकडे कमाईच नाही, त्याच्याकडून कोर्ट काय मिळवून देणार?

तुमच्याच पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "कार्ड लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून त्यांच्याकडेच आहे." म्हणजे नोकरी होती तेव्हाही तुमचा पैसा तुमच्या हाती नव्हता. बेकारी, कर्ज, व्यसन यांनी घरातला ताण वाढतो यात शंका नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा बायकांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीत नाही तिथे हे प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास होतं. दारूने हिंसा वाढते हे खरं, पण न पिणाऱ्यांच्या घरातही ती आहेच. गहाणवट करणाऱ्या सावकारासमोर तुमचे यजमान आवाज चढवत नाहीत, हे तुम्हीच लिहिलं आहे. राग कुठे काढायचा हे त्यांना कळतं. त्यामुळे तक्रार करून तुम्ही अन्याय करत नाही.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मधल्या कलम 3 नुसार आर्थिक छळ हाही हिंसाचार आहे. त्यासाठी अंगावर वळ असावे लागत नाहीत. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली बायकांच्या मदतीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी, जो घटना अहवाल भरतात, त्याच्या नमुन्यात आर्थिक हिंसेखाली पगार काढून घेणं, स्वतःचा पगार वापरू न देणं, नोकरी करू न देणं हे सगळं छापलेलं आहे. तुमच्यासारखी गाऱ्हाणी घेऊन आधी असंख्य बायका आल्या, म्हणूनच ते त्या कागदावर आलं असं मला वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्टच देते. पोटगीवर फार भिस्त ठेवू नका. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायकापोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं आहे, आणि मुलांसाठी रक्कम जरूर मागा. पण आदेश मिळणं वेगळं आणि बेकार माणसाकडून दरमहा वसुली होणं वेगळं. तुमच्या बाबतीत खरा उपयोग दुसऱ्या आदेशांचा आहे. याच कायद्याच्या कलम 18 खाली मारहाण थांबवण्याचा, तुमच्या कामाच्या ठिकाणी न येण्याचा, बँक खात्याला किंवा स्त्रीधनाला हात न लावण्याचा मनाई आदेश मिळतो. कलम 19 खाली स्त्रीधन परत करण्याचा आदेश मागता येतो. बांगड्यांची गहाणपावती मिळाली तर तिचा फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आदेश मोडला तर कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून बाहेर काढतील, ही तुमची भीती मी समजते. 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नातेवाइकाच्या मालकीचं घरही सुनेचं 'सामायिक घर' असू शकतं. तुम्ही तिथे वर्षानुवर्षं नांदता आहात. मालकी तुम्हाला मिळत नाही, पण कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला हुसकावता येत नाही.

बचत गटाच्या कर्जाबाबत मात्र वाईट बातमी आहे. सही तुमची, त्यामुळे गटाच्या दृष्टीने देणं तुमचंच. हप्ते थकवू नका. पैसे कोणी, कधी, कशावर खर्च केले ते तारखांसह लिहून काढा. हे नुकसान कलम 20 आणि 22 खाली यजमानांकडून मागता येईल. यापुढे कोऱ्या कागदावर किंवा नव्या कर्जाच्या अर्जावर सही करू नका, भांडण झालं तरी.

पगारासाठी दुसऱ्या बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं उघडा, मोबाइल नंबरही तुमचाच द्या, मग तुम्ही काम करता त्या दवाखान्याच्या कार्यालयात पगाराचं खातं बदलण्याचा अर्ज करा. हे नवऱ्याला विचारून करण्याची गरज नाही. पण, ताई, घाई नको. पैसा हातातून सुटतोय हे कळेल तो दिवस सगळ्यात धोक्याचा असू शकतो. त्याआधी संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा, मूळ कागदपत्रं घराबाहेर हलवा, त्या आठवड्यात कुठे राहता येईल ते ठरवा. जीवाला धोका वाटला तर 112 ला फोन करा, एरवी मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181. मार लागला तर सरकारी दवाखान्यात जा आणि "जिन्यावरून पडले" असं सांगू नका. केसपेपरवर खरं कारण लिहून घ्या.

नवऱ्याला अटक नको, असं तुम्ही लिहिलंत. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. अर्ज केला म्हणून कोणाला अटक होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खालची (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेची) पोलिस तक्रार हा वेगळा, फौजदारी मार्ग आहे. तो खुला आहेच. धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा, सासूबाई किंवा भाऊ नाही.

वकिलाची फी कुठून आणू, असंही तुम्ही विचारलंत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, पगारपत्रक, सहा महिन्यांचा बँकेचा उतारा आणि गटाचं पासबुक घेऊन जा. वकिलाला कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 चा अर्ज करायला सांगा आणि त्यासोबत त्याच कायद्याच्या कलम 23 खाली अंतरिम आदेशाची मागणी आठवणीने लिहून घ्या, म्हणजे निकालापर्यंत विनासंरक्षण थांबावं लागणार नाही.