त्रेचाळिशीत म्युनिकची ऑफर: घ्यावी का?

तुमचं वाचलं. वय 43, हिंजवडीत डिलिव्हरी मॅनेजर, मिसेस सरकारी बँकेत, मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, आई सोबत, आणि म्युनिकहून वर्षाला 85 हजार युरोची ऑफर. मी बरीच वर्षं इथंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाचं आधी उरकतो. मिसेस कमवत नसतील तर टॅक्स क्लास 3 मध्ये हातात महिन्याला पावणेपाच हजार युरोच्या आसपास पडतील, त्यातले दोनेक हजार तीन रूमच्या घराला जाणार (म्हणजे आपला टू बीएचके, इथं हॉलपण रूममध्येच धरतात), तेही घर मिळालं तर. दोघांच्या पगारावर पुण्यात जे मागे पडतं त्याच्याशी तुलना करा, फार फरक दिसणार नाही. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) मिसेसना लगेच काम करता येतं, पण ते कागदावर, बँकेतलं काम जर्मन आल्याशिवाय कोण देणार?

खरा घोळ शाळेचा आहे आणि रिक्रूटर त्यावर चकार शब्द काढत नाहीत. बव्हेरियात (म्युनिक याच राज्यात येतं) चौथीतच ठरतं मूल गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की नाही, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते (इथं 1 म्हणजे उत्तम, आकडा वाढला की वाईट). मुलगा धड वाक्य बोलायला लागेपर्यंत चौथी उजाडेल. उशिरा आलेल्या मुलांना थोडी सूट असते, पुढे रिअलशूलमधून (दहावीपर्यंतची मधल्या पातळीची शाळा) वर जायची वाटपण आहे, त्यामुळे त्याचं निभेल. मुलीचं अवघड आहे. चौदाव्या वर्षी मैत्रिणी सोडून नव्या भाषेत फिजिक्स शिकायचं, आणि इंटरनॅशनल स्कूल म्हटलं तर वर्षाला वीस हजार युरोच्या वर. ती फी कंपनी देत असेल तरच या, नाहीतर तुमच्या जागी मी नाही म्हटलं असतं.

करिअरचं म्हणाल तर इथं बहुतेक परत इंजिनियर म्हणूनच बसाल, टीम सांभाळायला जर्मन लागतं. बदल्यात साधारण 30 दिवस सुट्टी आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी. मुलगा आजारी पडला तर त्यासाठी वेगळी रजा मिळते, सरकारी आरोग्य विमा असेल तर 12 वर्षांच्या आतल्या मुलामागे आईबापांना वर्षाला प्रत्येकी 15 दिवस. हे सुख मोठं आहे, मुलगा लहान आहे तोवर तर फारच. मुलगी काय, तुम्ही सहाला आलात तरी खोलीचं दार लावूनच बसणार, ते पुण्यातपण होणारच आहे.

आईंचं: व्हिजिटर व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस. 1 मार्च 2024 पासून नव्याने येणाऱ्या स्किल्ड लोकांना आईवडिलांना कायमचं आणता येतं, पण त्यांचा हेल्थ इन्शुरन्स आपण दाखवायचा आणि त्या वयात तो मिळवतानाच सगळं अडतं.

तरी यायचंच ठरलं तर आधी एकटे या. प्रोबेशन बहुतेक 6 महिन्यांचं असतं, तेवढ्यात मिसेसनी राजीनामा देऊ नये आणि मुलीचा शाळेचा दाखलापण काढू नका.