बगमधला पतंग आणि डिस्कमधली हरवलेली जागा

प्रश्न : संगणकात खरोखरचा किडा सापडला, म्हणून प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणू लागले, असं ऐकलं. हे खरं का?

किडा सापडला होता, हे खरं. शब्द मात्र त्याच्यामुळे आलेला नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या एका रिलेत, म्हणजे चुंबकाने उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये, पतंग अडकलेला आढळला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि खाली लिहिलं : बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना. त्यातल्या ‘प्रत्यक्ष’ या शब्दाकडे नीट पाहा. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत आधीपासून नसती, तर असं लिहिण्यात काही गंमतच नव्हती. एडिसनने १८७८ मध्येच एका पत्रात आपल्या शोधांमधल्या बारीकसारीक अडचणींना ‘बग्ज’ म्हटलं होतं. त्या संगणकावर काम करणाऱ्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर ही पतंगाची गोष्ट रंगवून सांगत, म्हणून किडा शोधल्याचं श्रेयही लोक त्यांनाच देऊन टाकतात. प्रोग्राम लिहिणं सोपं व्हावं यासाठी हॉपरबाईंनी कंपायलरवर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर, जे मूलभूत काम केलं, ते मात्र अनेकांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : १ टीबीची नवी हार्ड डिस्क जोडली, तर विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. माझी फसवणूक झाली का?

नाही. तुमची जागा कुठेही गेलेली नाही. दोघांची मापं वेगळी आहेत, इतकंच. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, म्हणून त्यांचा १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, कारण मेमरीची रचना दोनच्या घातांवर चालते आणि दोनचा दहावा घात १०२४ येतो. आता त्या १ वर १२ शून्यांना १०२४ ने तीनदा भागा, ९३१ उरतात. केबीला हा फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा होता, तेव्हा कुणी फिकीर केली नाही. पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो आणि टीबीपाशी दहा टक्क्यांच्या घरात पोहोचतो. हा घोळ मिटवायला १९९८ मध्ये १०२४ च्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी स्वतंत्र नावं ठरवण्यात आली. विंडोजने ती वापरायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजायचं गिबीबाइटमध्ये आणि पुढे लिहायचं जीबी, मग तुमच्यासारख्यांच्या मनात शंका येणारच.

प्रश्न : वाय-फाय म्हणजे ‘वायरलेस फिडेलिटी’च ना?

नाही, हे लघुरूपच नाही. या बिनतारी तंत्राच्या मानकाचं ‘८०२.११’ असं रुक्ष नाव कोण लक्षात ठेवणार, म्हणून १९९९ मध्ये नावं सुचवणाऱ्या एका कंपनीकडून ते घडवून घेतलं. उत्तम आवाजाच्या यंत्रांना म्हणतात त्या ‘हाय-फाय’शी यमक जुळतं, हा त्याचा गुण. ‘वायरलेस फिडेलिटी’ ही ओळ काही काळ जाहिरातीत वापरली गेली आणि गैरसमज पसरला. ब्लूटूथच्या नावामागे मात्र खराच माणूस आहे : दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ. ब्लूटूथचं चिन्ह म्हणजे या राजाच्या आद्याक्षरांच्या दोन प्राचीन रून लिपीतल्या खुणा, एकमेकींत गुंफलेल्या.

प्रश्न : ड्राइव्ह ‘सी’पासूनच का सुरू होतात?

ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या जुन्या चकत्यांसाठी होती. १९८१ चा आयबीएम पीसी हार्ड डिस्कशिवायच आला होता; १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये ती आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं. एकच फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या यंत्रातही बी वाया जात नसे. डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम; ते त्या एकाच ड्राइव्हला दोन्ही नावांनी ओळखायचं आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर कॉपी करताना ‘आता बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला’ म्हणून थांबायचं.